पिसं की प्लॅस्टिक?

मंडळी, आज जरा आडवळणाचा विषय. मिशिगनमधल्या धाकट्या नातवाने यंदा धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा परवाना काढलाय. घरात बरीच नाकं मुरडली गेली. "तुम्ही तरी त्याला समजवा" असे फोनही आले. मी जन्माची शाकाहारी, आणि आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंदच. पण तिथे १ ऑक्टोबरपासून धनुष्याचा हंगाम रीतसर सुरू होतो आणि पोरगा सव्वीस वर्षांचा आहे. तो जाणारच. मग बाणाच्या शेपटाला काय लावू असं त्याने विचारलं, तर मी मत का देऊ नये? दिलं. पिसंच लाव.

सरावाच्या बाणाला साधं अणकुचीदार टोक असतं. शिकारीच्या बाणाला पुढे रुंद, धारदार पाती असतात, ब्रॉडहेड म्हणतात त्याला. ही पाती वारा धरतात आणि बाणाचं तोंड भलतीकडे वळवू पाहतात. ते आवरायला शेपूट तितकंच जोरकस हवं. टर्कीचं पीस हलकं आणि खरखरीत, त्यामुळे धनुष्य सोडल्यावर बाण लवकर सरळ होतो. वाटेत धनुष्याला घासलंच तर पीस दबतं, प्लॅस्टिकची पट्टी मात्र बाणाला धक्का देते. चार-पाच इंचांची तीन पिसं जराशी पिळून लावायची, म्हणजे बाण भोवऱ्यासारखा फिरत जातो. तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावं-उजवं मिसळलं की पिसांचा बाक एकमेकांच्या विरुद्ध जातो. यात वेग थोडा कमी होतो. होऊ दे. शिकार २०-२५ यार्डांवरून करायची असते. वाकडा शिरलेला बाण खोल जात नाही, आणि मग ते जनावर जखम घेऊन रानात कुठेतरी दोन दिवस तडफडतं. माझा सगळा जीव अडकलाय तो इथे.

पावसात पिसं चिकटून बसतात, हे कबूल. धो धो पाऊस असेल तर त्याने घरी बसावं!

हा वाद जुनाच. रॉजर अ‍ॅशमने १५४५ साली 'टॉक्सोफिलस'मध्ये हंसाच्या (म्हणजे आपल्या बदकाच्या थोरल्या भावाच्या) पिसाची बाजू घेतली आणि मोराचं पीस जड म्हणून बाद केलं. हा गृहस्थ पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. आणि रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात दिलीपाची बोटं चिकटतात ती बाणाच्या पुंखालाच, आणि तिथेही कंक पक्ष्याची पिसं आहेत. बी.ए.ला असताना हे नुसतं पाठ केलं होतं.

नातवाला एक अट घातलीय. हंगामाआधी साध्या टोकाचे तीन आणि ब्रॉडहेडचे तीन बाण २० यार्डांवरून मारायचे. सगळे एका जागी लागले नाहीत तर शेपूट किंवा धनुष्य, काहीतरी सुधारल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही. अट त्याने मानली. पिसांचं अजून मानलेलं नाही. "आजी, पिसांचा आवाज होतो, हरीण बिचकतं," म्हणतो. तेही खोटं नाही. रविवारी परत फोन आहे.