सफोकातला मित्र आणि बापाचा शेअर



नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही लेकीकडे लंडनला गेलो होतो. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली आणि चार दिवसांनी आमचे विमान उडाले, त्यामुळे जीव अर्धा इकडेच होता. तेथे पोचल्यावर आमच्या एका शाळासोबत्याचा फोन आला. "इतक्या लांब आलास आणि माझ्याकडे न येता परत गेलास तर तुझं तोंड बघणार नाही," असा दम भरला. हा गृहस्थ डॉक्टर. १९७४ साली इंग्लंडला गेला, सफोक परगण्यातल्या खेड्यांत आयुष्यभर दवाखाना चालवला आणि निवृत्त होऊन तेथेच राहिला. त्याचे नाव आम्ही छापत नाही, त्याला ते आवडायचे नाही. जुन्या सभासदांना एवढे सांगितले तरी पुरे की, त्याचे वडील बैलगाडीने ऊस घालणाऱ्या पहिल्या फळीतले.

केंब्रिजला गाडी बदलून आम्ही बरी सेंट एडमंड्स येथे उतरलो. उतरल्याबरोबर समोर पाहतो तो काय, साखरेची उंच कोठारे आणि आभाळात चढणारी पांढरी वाफ! मित्र हसून म्हणाला, "अरे, तुझ्या मागं मागं आलाय कारखाना." हा कारखाना १९२५ सालचा. तेथे ऊस नाही, बीट आहे. हंगाम मात्र आपल्यासारखाच, थंडीचा. सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या आसपास संपतो. वास आपल्या मळीचा नव्हे, ओल्या मातीचा. पण हंगाम लागला की गावाला जी जाग येते ती तीच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याकडे गेलो. पेरणी मार्च-एप्रिलात. आपल्यासारखा खोडवा नाही, निडवा नाही. एकदा बीट घेतले की त्या रानात पुन्हा तीन-चार वर्षांनी, मध्ये गहू-जव. काढणी सगळी यंत्राने, एका दमात सहा ओळी. टोळी नाही, मुकादम नाही, उचल नाही. थंडीत पाचटाच्या कोपीत झोपणारी लेकरे नाहीत, हे पाहून मनाला बरे वाटले आणि आपल्याकडची आठवण होऊन वाईटही वाटले. काढलेले बीट बांधाच्या कडेला लांबलचक ढीग करून ठेवतात व कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ट्रकने जाते. तेथे वाया काही घालवत नाहीत. चोथा गुरांना, चुना शेताला आणि बिटाबरोबर आलेली माती धुऊन तीसुद्धा विकतात.

आम्हाला सर्वांत आवडला तो काट्यावरचा प्रकार. आलेल्या मालाचा नमुना काढतात, धुतात, माती-पाला किती ते वजा करतात आणि साखर किती ते तपासतात. ठरलेला भाव सोळा टक्के साखरेला. त्याहून जास्त भरली तर पैसे जास्त, कमी भरली तर कमी. म्हणजे ज्याने रान चांगले केले त्याच्या पदरात त्याचे माप पडते. आपल्याकडे २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवले, पण तो उतारा सबंध कारखान्याचा. तुमचा पक्व ऊस आणि शेजाऱ्याचा कोवळा ऊस एकाच तागडीत. यावर आपण कधीतरी नीट बसून बोलले पाहिजे. प्रत्येक मोळीची तपासणी लगेच जमणार नाही, हे आम्हालाही कळते. निदान तोडीचा कार्यक्रम वशिल्यावर न ठरता उसाच्या पक्वतेवर ठरावा, एवढे मागणे काही जास्त नाही.

आम्ही त्या शेतकऱ्याला मोठ्या कौतुकाने म्हणालो, "तुमचा कारखाना फार सुरेख चाललाय." तो म्हणाला, "माझा कुठला? मी फक्त बीट घालतो."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. त्या देशात बीट घेणारी कंपनी एकच. १९३६ साली सरकारने सगळ्या कंपन्या एकत्र केल्या तेव्हा १८ कारखाने होते, आज ४ उरले. यॉर्क आणि ऑलस्कॉटचे कारखाने २००७ साली बंद झाले. लांबच्या कारखान्याला माल पाठवणे परवडेना, म्हणून त्या भागातल्या पुष्कळांनी बीटच सोडले. शेतकऱ्यांची संघटना भावासाठी कंपनीशी बोलणी करते, भांडतेही. पण कारखाना ठेवायचा की मोडायचा, हे ठरवताना शेतकऱ्याला मत नाही. आपल्याला ते आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जे उभे केले, ते याच मतासाठी.

आता गंमत ऐका. त्याच खेड्यातले एकुलते एक दुकान मालकाने बंद केले, तेव्हा गावकऱ्यांनी शेअर गोळा करून ते स्वतः चालवायला घेतले. माणशी एक मत, मग शेअर एक असो की शंभर. १८४४ साली रॉचडेलच्या कामगारांनी दुकान काढले तेव्हाचाच हा कायदा. आमचा मित्र दर बुधवारी दोन तास तेथे गल्ल्यावर बसतो. एवढा मोठा डॉक्टर, पण पाव आणि दूध मोजून देतो! वार्षिक सभेला थंडीपावसात माणसे येतात. फ्रिजचे वीजबिल का वाढले, यावर एका म्हातारीने चिटणिसाला अर्धा तास उभे केले, असे वहिनींनी सांगितले. आम्ही हसलो. मग आपल्या सभा आठवल्या आणि हसू जिरले. विषय वाचायच्या आत 'मंजूर, मंजूर' आणि पुढच्या रांगा जेवणाकडे!

रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर मित्राने कपाटातून एक पिवळी पडलेली पाकिटी काढली. आत वडिलांचा शेअर दाखला, आपल्या कारखान्याचा. "बाबांनी एक बैल विकून हा घेतला होता," तो म्हणाला. "कुणाच्या नावावर आहे रे आता?" आम्ही काय सांगणार? वडील २००३ साली वारले. शेती धाकटा भाऊ करतो, ऊस आपल्यालाच घालतो, पण बिगर-सभासद म्हणून. दिवाळीची साखर नाही, सभेची नोटीस नाही, मत नाही. दोघा भावांनी एकमेकांवर ढकलता ढकलता बावीस वर्षे गेली. मित्राने त्याच रात्री भावाच्या नावाला संमती लिहून दिली आणि दाखला आमच्या हाती ठेवला. देताना त्याचा हात थरथरत होता. म्हणाला, "दुकानाच्या शेअरसाठी मी दर बुधवारी बसतो. आणि बापाच्या शेअरसाठी एक सही करायला मला इतकी वर्षं लागली."

परत आल्यावर आम्ही तो कागद घेऊन शेअर विभागात गेलो. लेखनिकाने रजिस्टर उघडून दाखवले. पानोपानी मयतांची नावे. ज्यांच्या हातचा ऊस येतो त्यांची नावे नाहीत, आणि ज्यांची नावे आहेत ते सभेला येऊ शकत नाहीत. अशा संस्थेचा मालक कोण, हे ज्याने त्याने मनाला विचारावे. कर्जापायी सहकारी कारखाने विकले गेले, खाजगी हातांत गेले, हे आपण महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहिले. ते एका रात्रीत गेले नाहीत. आधी सभासद घरी बसला, मग कारखाना गेला.

दोष एकट्या सभासदाचा नाही, हेही स्पष्ट लिहितो. वारसनोंदीसाठी माणसाला पाच खेपा घालाव्या लागत असतील, तर तो सहाव्यांदा येणार नाही. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मयत सभासदाचा शेअर वारसाच्या नावे करून देणे हे संस्थेचेच काम आहे. संचालक मंडळाने हंगाम संपताच गटवार शिबिरे घ्यावीत, गावातच कागद तपासावेत आणि चार भावांत वाद असेल तेथे वडीलधाऱ्यांना बसवून तो मिटवावा. अहवाल सभेआधी वेळेवर घरी पोचवावा. आणि आपण तो वाचून, एक तरी प्रश्न मनात धरून सभेला यावे.

सफोकातल्या त्या शेतकऱ्याजवळ यंत्र आहे, रस्ते आहेत, चोख माप आहे. 'माझा कारखाना' हे दोन शब्द मात्र नाहीत. आपल्या बापांनी बैल विकून ते आपल्याला घेऊन ठेवले. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा, दाखल्यावर नाव कुणाचे आहे ते पाहा आणि उद्या शेअर विभागात या.