लाल मिरचीचे पडते भाव, पिंपात साठवलेली मिरची आणि तुमची परसबाग

मिरची बातमीत येते ती बहुधा भाव पडल्यावरच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगी बाजार समितीत भाव एकाएकी कोसळले आणि चिडलेल्या शेतकऱ्यांनी समितीच्या आवारात गाड्या पेटवल्या, कार्यालयाची नासधूस केली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आंध्र प्रदेशातल्या मिरचीसाठी केंद्राला बाजार हस्तक्षेप योजना लागू करावी लागली. दर ठरला क्विंटलला ११,७८१ रुपये आणि मर्यादा २.९१ लाख टन. आपल्याकडे नंदुरबारची गोष्ट थोडी निराळी. तिथे भावाइतकीच धास्ती पावसाची असते, कारण पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळीत भिजली की रंग जातो, बुरशी धरते आणि महिन्याभराचे कष्ट मातीमोल होतात.

या तिन्ही बातम्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. ओली लाल मिरची थांबत नाही. तोड्याच्या वेळी तिच्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असते आणि ते दहा-अकरा टक्क्यांवर आणल्याशिवाय ती टिकत नाही. म्हणजे तोडा झाला की तुमच्यापुढे दोनच वाटा: आज मिळेल त्या भावाने ओली विका, नाहीतर ऊन मिळेल या भरवशावर वाळत घाला. वाळवताना जमिनीचा ओलावा लागला तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा धोका असतो, आणि निर्यातीचा माल परत येण्याचे तेही एक मोठे कारण आहे.

तिसरी वाट म्हणजे मिरची मिठात आंबवून ठेवणे. शहरांत सध्या छोट्या उत्पादकांचे ‘हॉट सॉस’ दिसू लागले आहेत, गच्चीवर मिरची लावणारेही बरण्या भरू लागले आहेत. त्यामुळे ‘आम्ही हे करावे का, आणि यात पैसा आहे का’ हा प्रश्न साहजिक आहे. परसबागेसाठी उत्तर सरळ ‘होय’ असे आहे. धंद्यासाठी ते ‘होय, पण’ असे आहे, आणि त्यातला ‘पण’ बराच मोठा आहे.

आधी धंद्याचे पाहू, कारण तिथे शिकण्यासारखे एक ताजे उदाहरण आहे. अमेरिकेतला ‘श्रीराचा’ हा हिरव्या टोपणाचा लाल सॉस तुम्ही मोठ्या दुकानांत पाहिला असेल. व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियात हुय फाँग फूड्स ही कंपनी सुरू केली. तिची खासियत अशी की सॉस सुक्या मिरचीचा नसून ताज्या, पूर्ण लाल झालेल्या हालापेन्यो मिरचीचा. ही जाड सालीची, मध्यम तिखट मेक्सिकन मिरची. हंगामात ती आणायची, लगेच दळायची, मीठ-व्हिनेगर मिसळून निळ्या पिंपांत भरायची आणि वर्षभर वापरायची. ही मिरची १९८८ पासून एकच शेत पुरवत होते, क्रेग अंडरवुड यांचे. पन्नासेक एकरांवर सुरू झालेली लागवड सुमारे १,७०० एकरांपर्यंत गेली. अठ्ठावीस वर्षे व्यवहार चालला आणि २०१६ मध्ये पैशांवरून फिसकटला. प्रकरण कोर्टात गेले. २०१९ मध्ये ज्यूरीने शेतकऱ्याच्या बाजूने २.३३ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि २०२१ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला.

पुढचे जास्त बोलके आहे. कंपनी मेक्सिको आणि इतर ठिकाणच्या पुरवठादारांकडे वळली, तिकडे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये ग्राहकांना मालाच्या टंचाईची सूचना द्यावी लागली. २०२३ मध्ये बाटल्या काही पटींनी महाग विकल्या गेल्या. मे २०२४ मध्ये तर उत्पादनच काही महिने थांबवावे लागले, आणि कारण होते आलेली मिरची पुरेशी लाल नव्हती हे. जगभर नाव असलेला सॉस हिरव्या मिरचीपुढे अडला! इकडे शेतकऱ्याचेही सोपे नव्हते. एकाच गिऱ्हाइकासाठी वाढवलेले क्षेत्र एका हंगामात रिकामे झाले. शेवटी त्यांनी स्वतःचा सॉस बाजारात आणला.

यातून करार शेतीबद्दल जे समजायचे ते समजतेच. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पिकवण्याच्या जाणकारीचे मोल. पाककृती बदललेली नव्हती, यंत्रे तीच होती, पण वेळेवर पूर्ण पिकलेली, एकसारखी मिरची देणारा माणूस गेला आणि साखळी तुटली. सॉस करणाऱ्यांच्या गर्दीत ज्याची स्वतःची बाग आहे त्याचा हात वर असतो तो यामुळे. अमेरिकेतलाच टबॅस्को हा १८६८ पासूनचा सॉस पाहा. मिरची दळून, मीठ घालून ओकच्या लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात, वर मिठाचा थर देतात. तोडणीसाठी मजुरांकडे लाल रंगाची छोटी काठी असे आणि मिरचीचा रंग त्या काठीशी जुळला तरच ती तोडायची. एवढा काटेकोरपणा घरच्या सहा कुंड्यांत तुम्ही विनासायास पाळू शकता. शंभर एकरांवर तो पाळणे महाग पडते.

आता ‘पण’. बाटलीबंद सॉसच्या खर्चात मिरची हा लहान भाग असतो. काचेची बाटली, टोपण, लेबल, खोका, फुटतूट, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन हे सगळे मिळून मिरचीच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून मिरचीचा भाव पडला तरी सॉस फारसा स्वस्त होत नाही, आणि सॉस गाजला तरी बाजार समितीतला भाव हलत नाही. लाखो टनांची आवक अशा बाटल्या शोषून घेतील, असे कोणी सांगत असेल तर त्याला कागदावर आकडे मांडायला सांगा. दोन एकर मिरची असलेल्या शेतकऱ्याने सगळा तोडा सॉसच्या भरवशावर ठेवू नये. भाव पडलेल्या आठवड्यात तोड्याचा थोडा भाग मिठात घालून थांबवणे आणि तोही गिऱ्हाईक पाहून, एवढेच या वाटेचे खरे काम आहे.

परसबागेत मात्र गणित उलटे आहे. तिथे भावाचा प्रश्नच नाही, अडचण निराळीच. दहा-बारा झाडांवर मिरच्या एकदम लाल होत नाहीत. आज पंधरा, चार दिवसांनी वीस. वाळवायला त्या थोड्या आणि रोजच्या फोडणीला जास्त. शेवटी देठाकडून कुजतात. आंबवणे या ‘थोड्या पण रोजच्या’ मालासाठी अगदी बेताचे आहे. आणि आपल्याला ते परकेही नाही. कोकणात खारातल्या कैऱ्या आणि आवळे वर्षभर टिकतात ते याच तत्त्वावर, आणि दह्यात-ताकात मुरवलेली सांडगी मिरची त्याच कुळातली. सिक्कीम-दार्जिलिंगकडे डल्ले खुर्सानी ही गोल, जाड सालीची मिरची बरण्यांत घालून ठेवतात. फरक इतकाच की आजीचे प्रमाण हाताच्या अंदाजाचे होते. मिरचीच्या बाबतीत तुम्ही वजनकाटा वापरावा असा माझा आग्रह आहे.

हंगामही आपल्या बाजूने आहे. मे-जूनमध्ये रोपे टाकली, पाच-सहा आठवड्यांनी पुनर्लागवड केली, तर झाडावर पूर्ण लाल मिरची साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळते. तेव्हा घरातले तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असते आणि आंबवण्यासाठी हेच चांगले. तीच बरणी एप्रिल-मेमध्ये विदर्भात भरली तर मिरची लवकर मऊ पडते आणि वास बिघडतो. उन्हाळ्यात करायचेच असेल तर मीठ थोडे वाढवावे आणि बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी.

वाण निवडताना एक लक्षात घ्या. ज्वाला, लवंगी, तेजा या पातळ सालीच्या मिरच्या वाळवण्यासाठी उत्तम, पण वाटल्यावर साल आणि बीच जास्त निघते. जाड सालीची मिरची वाळताना सडते, पण तिचा गर चांगला निघतो. म्हणून परसबागेत चार झाडे तिखट ज्वालाची आणि दोन भावनगरी, म्हणजे भज्याच्या मिरचीची, अशी जोडी लावली तर तिखटपणाही मिळतो आणि अंगही. तिखटपणा बियांत असतो असे आपण सर्रास म्हणतो. तो खरा असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. कमी तिखट हवे असेल तर तो काढा आणि हातमोजे घालून काढा.

किडीचे थोडक्यात. २०२१-२२ च्या हंगामात आंध्र-तेलंगणात धुमाकूळ घालणारे काळे फुलकिडे आता मिरचीच्या बहुतेक पट्ट्यांत ओळखीचे झाले आहेत आणि कुंडीलाही सोडत नाहीत. पांढऱ्या कागदावर फूल झटकून पाहा; बारीक काळे किडे पळताना दिसले तर निळे चिकट सापळे लावा आणि जास्त किडलेली फुले काढून नष्ट करा. चुरडा-मुरडा झालेले झाड सुधारेल म्हणून ठेवू नका. आंबवायच्या मिरचीवर रासायनिक फवारणी केलीच असेल तर लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी पूर्ण होऊ द्या. बरणीत मिठाने कीडनाशकाचे अंश नाहीसे होतील, असे गृहीत धरू नका.

आता प्रमाण. देठ काढलेली, साध्या पाण्याने धुतलेली, निरोगी मिरची एक किलो घेतली तर वाटून करताना ३० ग्रॅम मीठ. अख्खी किंवा चिरलेली मिरची पाण्यात ठेवायची असेल तर मिरची आणि पाणी दोन्हींचे वजन धरा: एक किलो मिरची, अर्धा लिटर पाणी, म्हणजे दीड किलोला तीन टक्क्यांनी ४५ ग्रॅम. पाणी उकळून गार केलेले असावे. मिरच्या खाराच्या वर तरंगता कामा नयेत. त्यासाठी वर काचेची लहान वाटी किंवा खारानेच भरलेली स्वच्छ पिशवी ठेवावी. बरणी तीन-चतुर्थांशच भरावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बुडबुडे येतात, तेव्हा झाकण रोज क्षणभर सैल करून वायू जाऊ द्यावा. दोन-तीन आठवड्यांत बुडबुडे थांबतात आणि वास आंबट, स्वच्छ येतो.

मिरच्या एकदम किलोभर जमत नसतील तर जमतील तशा फ्रीझरमध्ये साठवा. मात्र बरणी भरताना किमान तिसरा हिस्सा ताज्या मिरचीचा असू द्या, कारण आंबवणारे जिवाणू ताज्या सालीवर जास्त जोमदार असतात.

खारावर पातळ पांढरी, सपाट साय आली तर ती बहुधा यीस्टची असते, काढून टाकली की चालते. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळी बरणी फेकावी. वरचा थर काढून खालचे वाचवण्याचा मोह नको. आणखी एक: मिरची आंबट होण्याआधी वर तेल ओतू नका. आम्लता नाही आणि हवा नाही, ही स्थिती बोट्युलिझमच्या जिवाणूला सोयीची असते. सुरक्षिततेची रेषा सामू ४.६ ही आहे. आपण ४ च्या खाली उतरल्यावरच बरणी तयार समजावी.

सामू मोजायच्या कागदी पट्ट्या घरी चालतात, पण लाल मिरचीचा रंग पट्टीवर चढतो आणि आकडा फसवतो. विक्रीसाठी करणार असाल तर डिजिटल मीटरच घ्या आणि ४ व ७ सामूच्या द्रावणांत तो तपासून मगच वापरा. न उकळलेला सॉस बाटलीतही आंबत राहतो. तो फ्रीजमध्ये ठेवला नाही तर टोपण उडते किंवा बाटली फुटते, आणि कुरिअरमध्ये फुटलेल्या एका बाटलीने आठवड्याची कमाई जाते. म्हणून विकायच्या मालाला उकळी द्या, गरम असतानाच भरा आणि भरल्यावर पुन्हा सामू मोजा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आधी काढा, विक्री नंतर. यंत्रसामग्रीसाठी कर्ज घेणार असाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्रीय योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. योजनेची मुदत आणि अर्जाची सद्यस्थिती तिथेच विचारून घ्या, आणि अनुदान मिळेल या हिशेबाने यंत्र आधी खरेदी करू नका.

पहिल्या वर्षी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तीन बरण्या भरा: एकीत तीन टक्के मीठ, दुसरीत साडेतीन, तिसरीत चार. प्रत्येकीवर वाण, तोड्याची तारीख, मिरचीचे वजन, मिठाचे वजन आणि भरल्याचा दिवस लिहून चिकटवा. पुढच्या जूनमध्ये रोपे टाकताना कोणत्या वाणाची किती झाडे लावायची, हे त्या तीन चिठ्ठ्या पाहून ठरवता येईल.