फोम तासताना हात आखडता घ्या

रिमोटवरच्या शर्यतीच्या गाड्या कार्पेटवर पळवणाऱ्या सर्वांना एक विनंती: जिंकलेल्या गाडीच्या टायरचे माप विचारून तेच आपल्या गाडीला लावू नका. ते माप त्या गाडीच्या कार्पेटचे असते, तुमच्या नव्हे.

१/१२ मापाच्या गाडीला रबरी नव्हे, फोमचे टायर असतात. नवा टायर बहुधा गरजेपेक्षा मोठाच मिळतो आणि छोट्या लेथवर फिरवून तासावा लागतो. कार्पेटवर साधारण ४० ते ४३ मिलिमीटर व्यास चालतो. एवढ्याशा फरकावर काय अडणार, असे नवख्याला वाटते, पण सगळे तिथेच अडते.

कार्पेट पकड देत असेल तर जाड फोम वळणावर दबतो, वळतो, आणि गाडी सरळ उलटी होते. अशा वेळी टायर लहान हवा. कार्पेट नवे, घसरडे किंवा उंचसखल असेल तर तोच जाड फोम कामाला येतो. शिवाय पकड दिवसभर सारखी राहत नाही. पकडीसाठी टायरला लावलेले औषध आणि झिजलेला फोम कार्पेटमध्ये मुरत जातो, त्यामुळे सकाळी घसरणारी गाडी संध्याकाळी कोलांट्या घेते. म्हणून सकाळी मोठ्या मापाने सुरुवात करा आणि लागेल तसे अर्धा-अर्धा मिलिमीटर काढा. तासलेला फोम परत चिकटवता येत नाही. गाडी उलटतेच आहे असे दिसले, तर आधी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर देऊन पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

टायर लहान झाला की गिअरही बदलावा लागतो. आता तिकडे वळू, कारण बहुतेकांची गाडी इथेच मंदावते आणि खापर मात्र बॅटरीवर फुटते. मागचा टायर ४२ मिलिमीटरचा, स्पर (मागच्या धुरीवरचे मोठे दातेरी चाक) ७६ दातांचा आणि पिनियन (मोटरवरचे छोटे दातेरी चाक) ३८ चा धरा. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ६६ मिलिमीटर पुढे जाते. टायर ४१ वर आला की हेच अंतर ६४.४ होते. पिनियन ३९ चा घाला, पुन्हा ६६. म्हणजे या जोडीत एक मिलिमीटर फोम गेला की पिनियनचा एक दात वाढवायचा. हिशेब पाठ करायची गरज नाही, पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

डावा-उजवा टायर मात्र तंतोतंत सारखा हवा. मागचे दोन कमी-जास्त असले तर सरळ पट्टीवरही डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) फिरत राहते आणि गाडी एका बाजूला ओढते. बाहेरच्या बाजूचा टायर जास्त झिजतो, म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर चारही टायर कॅलिपरने मोजाच. नजरेवर विसंबू नका.

 

शेवटची गोष्ट चॅसीच्या उंचीची. व्यास एक मिलिमीटरने घटला की गाडी अर्धा मिलिमीटर खाली बसते. किमान उंचीचा नियम असेल तर तपासणी शर्यत संपल्यावरही होऊ शकते, आणि तोवर फोम झिजलेला असतो. तेव्हा सुरुवातीलाच उंची काठावर ठेवू नका, थोडी जास्त ठेवा.