सही केली होती ना!

"अहो, पण सही केली होती ना त्यांनी? पैसेही घेतले होते ना? मग आता रडगाणं कशाला?"

सुपरहिरो कॉमिक्सच्या गप्पा रंगात आल्या की कधी ना कधी हे वाक्य येतंच. बोलणारा बहुधा कट्टर फॅन असतो. बॅटमनच्या छातीवरचं वटवाघूळ कुठल्या सिनेमात कसं होतं यावर तो तासभर भांडेल. २०१३ च्या चित्रपटात सुपरमॅननं शत्रूची मान मोडली, हे त्याला अजून पचलेलं नाही. 'ही कॅरेक्टरशी बेइमानी आहे' असं तो तावातावानं सांगतो. पण ज्यांनी ते कॅरेक्टर पहिल्यांदा कागदावर उतरवलं त्या माणसांचा विषय निघाला, की हाच गडी एकदम कंपनीचा वकील होतो. तोही फुकटातला!

मला ह्या युक्तिवादाचा आता मनापासून कंटाळा आलाय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. ज्यांना कॉमिक्समध्ये रस नाही त्या नातेवाईक मंडळींनी (मला माहीत आहे तुम्ही वाचता) थोडं सहन करावं.

तर ती सही. मार्च १९३८. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे दोन तरुण, जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघेही तेवीस वर्षांचे. सीगल लिहायचा, शुस्टर चित्रं काढायचा. सुपरमॅन घेऊन ते काही वर्षं दारोदार फिरत होते आणि सगळीकडून नकार पचवत होते. शेवटी एका प्रकाशकाला नव्या मासिकासाठी घाईनं मजकूर हवा होता. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या पैशांबरोबर कागद आला आणि कागदावर सुपरमॅनचे सगळे हक्क. दोघांनी सही केली. ते मासिक म्हणजे 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, किंमत दहा सेंट. ह्या अंकाची एक जुनी प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली. आणि गंमत म्हणजे ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो चेकसुद्धा २०१२ मध्ये एक लाख साठ हजार डॉलरला विकला गेला. चेक ठेवणारा श्रीमंत झाला म्हणायचं. ज्यांच्या नावे तो काढला होता त्यांचं काय झालं ते बघा.

१९४७ मध्ये दोघे कोर्टात गेले. सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, पण सुपरमॅनच्या पानांवरून त्यांची नावं गेली. नावं गेली म्हणजे अक्षरशः गेली. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जगभरची पोरं सुपरमॅन वाचत राहिली आणि तो कुणी निर्माण केला हे त्या पानावर कुठेही लिहिलेलं नसायचं. शुस्टरची नजर अधू होत गेली. चित्रकाराची नजर! सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. पुन्हा कोर्टात गेले, तिथेही १९७४ पर्यंत हरले.

आता 'सही केली होती ना' म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. तुम्ही ह्याच सीगलचा सुपरमॅन वाचलाय का? सुरुवातीचा, १९३८ मधला? तो परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता हो. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तर एका खाणमालकाला, ज्यानं मजुरांच्या सुरक्षिततेसाठी पैसा खर्च केलेला नाही, त्याच्याच खाणीत अडकवून ठेवतो. त्या मजुरांनीही नोकरीच्या कागदावर सही केलेलीच असणार की! मग सुपरमॅननं मालकाला 'तुमचं बरोबर आहे साहेब' म्हणायला हवं होतं का? तेव्हा टाळ्या वाजवायच्या आणि तेच त्याच्या निर्मात्यांवर ओढवलं की करारातली कलमं काढायची, हे मला जमत नाही.

बरं, सहीचा मुद्दा क्षणभर मान्य करू. मग बिल फिंगरचं काय? 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' अंक २७, मे १९३९, बॅटमनचा पहिला अवतार. त्यावर नाव फक्त बॉब केनचं. केननं आधी जो बॅटमन काढला होता त्याचे कपडे लालसर, पाठीला ताठ पंख आणि डोळ्यांवर नुसती पट्टी. फिंगरनं सुचवलं की डोकं झाकणारा, टोकदार कानांचा मुखवटा कर, पंखांऐवजी झूल घाल, हातमोजे दे, रंग करडा कर. पहिली गोष्ट त्यानंच लिहिली. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम हे शहराचं नावही त्याचं. रॉबिन आणि जोकरच्या घडणीतही त्याचा हात. म्हणजे आज तुम्ही-आम्ही ज्याला बॅटमन म्हणतो त्यातलं फिंगरचं काढून घेतलं तर उरतं काय? लाल कपड्यातला एक पंखवाला माणूस!

आणि ह्या फिंगरनं हक्क सोडल्याची कुठलीही सही केली नव्हती. सही केनची होती. आपलं नाव कायम राहील असा करार केननं कंपनीशी करून घेतला. फिंगर सुरुवातीला केननं नेमलेला लेखक, त्यामुळे करारात तो कुठेच नाही. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संमेलनात फिंगर लोकांसमोर बोलला, एका चाहत्यानं ती हकीकत लिहून काढली, तर केननं जाहीर पत्र लिहून ती झटकून टाकली. १९७४ मध्ये फिंगर गेला, वयाच्या ५९ व्या वर्षी. १९८९ मध्ये केननं आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगरला श्रेय मिळायला हवं होतं. पंधरा वर्षं उशिरा. आमच्याकडे ह्याला वरातीमागून घोडं म्हणतात.

परवा माझा भाचा आला होता. बॅटमनच्या गाड्या सालासकट पाठ आहेत त्याला. फिंगर कोण विचारलं तर म्हणाला, "मामा, नवीन व्हिलन आहे का?" त्याला दोष देत नाही मी, पंधरा वर्षांचा आहे. पण तो रोज जी परीक्षणं वाचतो-बघतो ती लिहिणारे काही पंधरा वर्षांचे नाहीत. दिग्दर्शक कोण, नायकानं किती किलो वजन वाढवलं, पहिल्या तीन दिवसांचा गल्ला किती, हे सगळं असतं. मूळ कॉमिक्सवाल्यांचं नाव? 'लोकप्रिय कॉमिक्सवर आधारित'. झालं. जणू कॉमिक्स झाडाला लागतात.

(आपणही काही वेगळे नाही म्हणा. मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो, त्याची कवटीची गुहा आठवते, घोडा आणि लांडगा आठवतो. ली फॉक हे नाव किती जणांना आठवतं? असो.)

आता दुसरी बाजू. प्रकाशक जोखीम घेतो हे खरं. शंभर पात्रांतली नव्वद आपटतात आणि त्याचा तोटा लेखक सोसत नाही, हेही खरं. कंपनीनं छापलं नसतं, विकलं नसतं तर सुपरमॅन क्लीव्हलंडमधल्या एका खणात पडून राहिला असता. सगळं मान्य. पण जोखमीचा मोबदला नफा असतो ना? तो घ्या की. नाव पुसायचा हक्क जोखमीतून कसा मिळतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. नाव छापायला शाईशिवाय काय लागतं?

आणि हे सगळं जुन्या काळातलं, आता तसं नाही, असंही कुणी म्हणू नये. एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५ मध्ये विंटर सोल्जर उभा केला. पुढे त्यावर चित्रपट झाला, मालिका झाली. ब्रुबेकरनं २०२१ मध्ये सांगितलं की पात्र निर्माण करण्याबद्दल मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे त्याला त्या चित्रपटातल्या एका किरकोळ भूमिकेबद्दल मिळाले. म्हणजे पडद्यावर दोन क्षण उभं राहण्याची किंमत जास्त!

मी एवढा वैतागून का लिहितोय? कारण ह्यात वाचकाच्या हातात काहीच नसतं, हे खोटं आहे. १९७५ मध्ये सीगल-शुस्टर कोर्टात हरलेलेच होते. सुपरमॅनचा मोठा चित्रपट येणार असं कळल्यावर सीगलनं संतापून वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले, गाजावाजा केला. कायद्यानं काहीही देणं लागत नसलेल्या कंपनीनं वर्षाच्या आत दोघांना वार्षिक वीस हजार डॉलर आणि नाव परत दिलं. १९७८ च्या चित्रपटात ते नाव आहे, बघून घ्या. फिंगरच्या बाबतीत मार्क टायलर नोबलमन नावाचा लेखक वर्षानुवर्षं मागे लागला, फिंगरची नात शोधून काढली, २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. २०१५ मध्ये कंपनीनं श्रेय मान्य केलं आणि २०१६ च्या चित्रपटात फिंगरचं नाव झळकलं. तेही 'बॉब केन विथ बिल फिंगर' असं. 'अँड' नाही, 'विथ'! जॅक कर्बीच्या कुटुंबाची गोष्ट थोडी वेगळी. ते दोन कोर्टांत हरून सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभे होते, तेव्हा २०१४ मध्ये तडजोड झाली. तिथे नुसत्या बोभाट्यानं भागलं असतं असं मी म्हणणार नाही. पण बाकी दोन्ही ठिकाणी कंपनी हलली ती लाजेनं, आणि लाज आणणारे चित्रकार, लेखक, वाचक असले साधेच लोक होते. 'सही केली होती ना' म्हणणारे त्यात नव्हते.

तेव्हा आपल्यातल्या ब्लॉगवाल्या मंडळींना एक विनंती, विनंती कसली, आग्रहच. सुपरहिरोच्या सिनेमावर लिहाल तेव्हा पहिल्या परिच्छेदात त्या पात्राच्या निर्मात्यांची नावं टाका. लेखक आणि चित्रकार, दोघांची. रॉकेट रॅकून आवडला ना? बिल मँट्लो आणि कीथ गिफन, १९७६. ह्यातल्या मँट्लोला १९९२ मध्ये गाडीनं उडवलं, मेंदूला मार बसला, आणि त्याच्या उपचारांसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली. कंटाळा आला तर तेवढं एक आठवा. आणि कुठल्या पात्राचं नाव सापडत नसेल तर मला कळवा, शोधून देतो. माझ्याकडे ते सगळं वहीत लिहून ठेवलेलं आहे.