पुरण सैल झाले त्या दिवशी

पाहुणे साडेअकराला येणार होते आणि साडेनऊ वाजता आमच्या कढईतले पुरण खिरीसारखे डुचमळत होते. पाहुणे म्हणजे कोणते, हे मैत्रिणींना सांगायला नको; मित्रांसाठी सांगते, 'बघायला' येणारे. अण्णांनी मध्यस्थांना आधीच शब्द देऊन ठेवला होता, "स्वयंपाक सगळा मुलगीच करणार आहे."

चूक माझीच. डाळ छान शिजली, पण येळायची राहिली. पाण्यासकट तिच्यात गूळ घालून मोकळी झाले. गूळ वितळला की पुरण आणखी पातळ होते, म्हणून तर डाळ आधी निथळून घ्यायची असते. शिवाय येळवणीच गोड झाली म्हणजे आमटीचेही वाटोळे. एका चुकीत दोन पदार्थ!

मी मोबाईल काढला. शेजारच्या काकू म्हणाल्या, कणीक मिसळ. (या काकूंचे सल्ले मी जपूनच घेते. खारट आमटीत बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो, असेही त्या सांगतात. बटाटा खारट पाणी पितो, मीठ वेगळे काढत नाही. उरलेली आमटी तितकीच खारट राहते. आमटी वाढवणे हाच खरा उपाय.)

तेवढ्यात आई गोठ्यातून आली. कढईत डोकावली, हात धुतले, एक अक्षर बोलली नाही. कढई खाली उतरवून डाळ बसू दिली. वरचे गोड पाणी वेळून आमटीच्या पातेल्यात घेतले, त्यात चिंचेचा कोळ आणि काळा मसाला नेहमीपेक्षा सढळ घातला. मग कढई पुन्हा चढवली आणि मोठ्या आचेवर घाटू लागली. थांबले की तळाला लागणार, म्हणून थांबायचे नाही. पुरण फुटफुट उडत होते. गुळाचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो, तो कातडीला चिकटून बसतो. उलथने मध्यभागी न पडता उभे राहिले तेव्हा तिने आच बंद केली, गरम असतानाच पुरण यंत्रातून काढले आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवले. निवताना ते आणखी आळते. सव्वाअकराला पहिली पोळी तव्यावर होती.

पाहुणे जेवले. त्यातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलीच्या हाताला चव आहे हो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. आई पदराखाली मनगट झाकून तूप वाढत होती.

कोणी म्हणेल, पाहुण्यांना स्वयंपाकघरातल्या भानगडी कशाला सांगायच्या? मलाही पूर्वी तसेच वाटे. बिघडलेले सावरण्यात लबाडी नाही, हे मी आजही म्हणते. लबाडी आहे ती नावात. पुरण बिघडलेलेच पानात पडले असते, तर 'आईने काही शिकवले नाही' असा ठपका आला असता; माझ्या कॉलेजलाही दोन शब्द ऐकावे लागले असते. सावरले, तर ते माझ्या नावावर जमा. आईच्या वाट्याला दोन्हीकडून काहीच नाही. पाककृतीच्या पुस्तकात डाळ किती, गूळ किती हे मिळते. पण साडेनऊला बिघडलेले सव्वाअकराला कसे उभे करायचे, हे जिला येते ती चौथीत शाळा सुटलेली बाई आमच्याच घरात 'अडाणी' म्हणवली जाते. आणि घरात पहिली कॉलेजात गेलेली मी, तिच्या कामावर पास होते.

शिवाय माझी परीक्षा पुरणावर का? त्या दोन तासांत मला कोणी एवढेही विचारले नाही की तुझा विषय कोणता. इतिहास आहे, म्हणून इथे तरी सांगून ठेवते.

परवा होकार आला. मी अण्णांना दोन गोष्टी सांगितल्या: तिसरे वर्ष पुरे झाल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, आणि पुरण आईने केले होते हे त्यांना कळवा. पहिल्या गोष्टीवर अण्णा बराच वेळ बोलले. दुसरीवर काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी तालुक्याहून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत भाजल्यावर लावायचे मलम होते. ते त्यांनी आईच्या हातात दिले नाही. चुलीशेजारच्या फळीवर ठेवले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.