बाटलीवरची चिठ्ठी

वसुबारसेची संध्याकाळ. आमच्या पंचवटीतल्या घरी मी चकल्या तळत होते आणि सुट्टीला आलेली पुतणी सोऱ्या फिरवीत होती. पोरगी पुण्याला प्रयोगशाळेत काम करते. एवढ्यात शेजारचे नाना गुडघे सावरीत आले आणि खिशातून एक इवलीशी बाटली काढून म्हणाले, "पोरी, तुम्ही हे रोज वापरता ना? मग एवढे टोचून दे!"

बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. गोदाकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींत कोणीतरी गुण गायले आणि नातवाने घरबसल्या मागवून दिली. पुतणीने चिठ्ठी वाचली: 'केवळ संशोधनासाठी.'

"नाना, हे पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. काकूंचे इन्शुलिन तशीच ५१ मण्यांची दुपदरी माळ. पण ते औषध म्हणून पारखलेले असते. यात जंतू नाहीत, त्यांचे विषारी अंश नाहीत, याची हमी कोणी दिली?"

"मग तुम्हांला भीती वाटत नाही?"

"वाटते, म्हणून तर नियम पाळतो!" हातमोजे आणि चष्मा घालायचा. भुकटी उणे २० अंशांवर ठेवायची. बाहेर काढल्यावर कुपी खोलीइतकी उबदार होईतो उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल आत शिरते. विरघळवले की लहान लहान कुप्यांत भरायचे, कारण पुन्हा पुन्हा गोठवले-वितळवले की ते बिघडते. प्रत्येक कुपीवर नाव आणि तारीख. त्या फ्रीजमध्ये खाण्याचा जिन्नस ठेवायचा नाही. आणि काही झाले तरी ते माणसाला टोचायचे नाही!

मला हाफकिनसाहेब आठवले. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी परळची लस १०७ जणांना टोचली गेली. त्यांतले एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका आला तो हाफकिन यांच्यावर. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे उजेडात आले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. पण गेलेली माणसे थोडीच परत येणार? तिथे तर जाणती माणसे काम करीत होती. आपण स्वयंपाकघरात सुई घेऊन बसलो, तर काय होईल?

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जातो. बाटलीही दाखवतो."

ते गेले आणि मी सोड्याचा डबा काढायला फळीकडे वळले. तिथे शेजारी शेजारी दोन बरण्या होत्या, दोन्हींत पांढरी भुकटी. एकीत खायचा सोडा, दुसरीत झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर. चिठ्ठी एकीवरही नव्हती!

कढई उतरवून मी आधी डिंक शोधला.