नाणेघाटाला रोमचा दाखला कशाला?

नाणेघाटाविषयी मराठीत लिहायला बसलेला लेखक दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात रोमला पोचतो. कल्याण बंदरात रोमन गलबते, घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण, त्यात खणखणणारी नाणी. वर्णन ठरलेले असते. सहलींच्या पत्रकांनी ते खुशाल छापावे. मराठीचे अध्यापक वर्गात तेच सांगतात, याला आमचा आक्षेप आहे.

रोमशी व्यापार होता, हे आम्ही नाकारत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती प्रसिद्धच आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने कोरलेली आहेत (यवन म्हणजे रोमनच, असे गृहीत धरण्याचे मात्र कारण नाही). पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' उघडावा. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांतून भडोचला जातो, असे तो ग्रीक लेखक सांगतो. कल्याण बंदरावर तर निर्बंध आले असून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी त्याची नोंद आहे. नाणेघाटाचे नावही तो घेत नाही. वैशाखऱ्याहून घाटघरकडे चढणारी ती दगडी वाट गाडीची नव्हेच. ती पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांची.

परक्याने ओळख दिल्याखेरीज आपल्या वस्तूला मोल नाही, ही खोड जुनी आहे. आम्ही राहतो त्या शीवचेच पाहा. शीव म्हणजे गावाची हद्द. इथे मुंबई बेट संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. इतका सरळ अर्थ हाताशी असताना 'सायन'साठी जेरुसलेमच्या टेकडीपर्यंत जाणारे सुशिक्षित आम्हांला आजही भेटतात.

घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर काय कोरले आहे? जकातीचा शब्द त्यात नाही. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे यज्ञांमागून यज्ञ, आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे यांची अंकांत मांडलेली मोजदाद. ब्राह्मी अंकांच्या इतिहासात या अंकांना मोठे स्थान आहे. बराच मजकूर झिजून गेला आहे. उरलेल्या भागात महिना महिना उपवास करणारी, घरातच तपस्विनीचे व्रत पाळणारी एक राणी दिसते. अभ्यासक तिला नागनिका म्हणतात. मागच्या भिंतीवरच्या राजकुलाच्या प्रतिमा नष्ट झाल्या, त्यांची नावे राहिली. त्यांत एक 'महारठी' आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. त्या मागणीसाठी मराठीच्या प्राचीनतेचे जे पुरावे मांडले गेले, त्यांत हा लेख होता. पेढे वाटून झाले. आमच्याकडे एम. ए.ला येणाऱ्या विद्यार्थ्याला श्रवणबेळगोळचे वाक्य पाठ असते, रांजणाची कथाही माहीत असते. नाणेघाटाच्या प्राकृतातली एक ओळ त्याने वाचलेली नसते. ज्या लेखाच्या जोरावर दर्जा मागितला, तो वर्गात वाचायचाच नाही, हा कुठला भाषाभिमान? प्राकृत अवघड आहे, ही सबब चालणार नाही. ब्यूलरने लेखाचा पाठ १८८३ साली छापला आहे. वा. वि. मिराशींचा सातवाहनांवरचा ग्रंथ तर मराठीतच आहे, आणि बहुतेक जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत तो इतिहासाच्या कपाटात पडून असतो. मराठीच्या अध्यापकांनी तो आधी आपल्या नावावर काढावा.